आकाशातून टाकायचा रणगाडा : शेरिडन, बीएमडी आणि त्यांच्या छत्र्या

पॅराशूटने टाकता येईल असा रणगाडा घ्यायचा, असे एखाद्या सैन्याने उद्या ठरवले, तर त्याच्यासमोर मुळात दोनच घराणी आहेत. एक अमेरिकी, ज्याचा मानकरी असलेला एम-५५१ शेरिडन १९९०च्या दशकातच निवृत्त झाला. आणि दुसरे रशियन, ज्यातील बीएमडी ही छत्रीसैनिकांची चिलखती वाहने १९६९पासून आजतागायत सेवेत आहेत. चीनचे झेडबीडी-०३ हे या दुसऱ्या घराण्याचेच शागीर्द म्हणावे लागेल. रणगाड्याचे वेगळे आणि पॅराशूटचे वेगळे परीक्षण केले, तर दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्याच ठरतात. अडचणी सुरू होतात त्या दोन्ही एकत्र बांधल्यावर. म्हणून हे परीक्षण जोडीचे आहे: वाहन, त्याखालचा प्लॅटफॉर्म, त्यावरच्या छत्र्या, आणि जमिनीवर पडल्यापासून पहिला तोफगोळा सुटेपर्यंत जाणारा वेळ. यातील शेवटची बाब माहितीपत्रकात कधीच छापली जात नाही आणि माझ्या मते खरेदीचा निर्णय तिच्यावरच व्हायला हवा.

प्रथम वजन. आपल्याकडचा टी-७२ चाळीस टनांच्या वर जातो आणि अर्जुन साठाच्या घरात आहे. शेरिडनचे वजन सुमारे १५ टन आणि पहिल्या बीएमडीचे सुमारे साडेसात टन. ही बचत तोफेत केलेली नाही. उलट शेरिडनवर १५२ मिलिमीटरची अवाढव्य तोफ बसवली होती, जिच्या नळीतून शिलेला हे क्षेपणास्त्रही सोडता येत असे, आणि ती तोफ डागली की त्या हलक्या गाडीची पुढची चाके जमिनीवरून उचलली जात. बचत केली ती चिलखतात. शेरिडनचे धड ॲल्युमिनियमचे आहे, बीएमडीचेही तसेच. पॅराशूटची किंमत ग्राहक रोखीने चुकवत नाही, तो ती जाडीने चुकवतो, आणि ती वसूल होते वाहन जमिनीवर पोहोचल्यावर. १९६९ साली शेरिडन व्हिएतनामला पोहोचले, तेव्हा ही वसुली सुरू झाली: खालून सुरुंग फुटला की पातळ तळ फाटे, आणि पेटून जाणाऱ्या वेष्टनाचा दारूगोळा आतल्या आत भडके. अफगाणिस्तानातही बीएमडीतले सैनिक आत बसण्याऐवजी टपावर बसून प्रवास करणे पसंत करीत, आणि तिथल्या छत्रीदलाच्या तुकड्यांना पुढे बीएमपी-२सारखी जड वाहने द्यावी लागली. ज्या गुणासाठी वाहन घेतले तो गुण त्या युद्धांत एकदाही वापरला गेला नाही, आणि त्या गुणापायी आलेली उणीव मात्र रोज वापरात राहिली.

आता बांधणी. या एका बाबतीत अमेरिकी पद्धत पाहण्यासारखी आहे. खाली धातूचा सपाट प्लॅटफॉर्म असतो. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी कप्प्यांच्या जाड कागदी पुठ्ठ्याचे थर रचतात. कोणत्या जागी किती थर आणि केवढ्या आकाराचे, हे प्रत्येक वाहनासाठी नेमून दिलेले असते, कारण रणगाड्याच्या पोटाखाली सगळीकडे सारखा भार येत नाही. त्या थरांवर रणगाडा चढवायचा, जाड पट्ट्यांनी आणि साखळ्यांनी चहूबाजूंनी जखडायचा, तोफेची नळी आणि काचा सांभाळायच्या, आणि वर छत्र्यांच्या थैल्या बांधायच्या. जी-११ या मालवाहू छत्रीचा व्यास १०० फूट असतो आणि पंधरा टनांसाठी अशा अनेक छत्र्यांचा झुबका लागतो. मागच्या वर्षी आमच्या घरी आलेल्या धुलाई यंत्राच्या खोक्यात थर्माकोलचा चुरा आणि एक वाकलेला पाय निघाला होता, तेव्हापासून पॅकिंगकडे मी जरा संशयानेच पाहतो. पण कागदाच्या पोळ्यावर पंधरा टन झेलण्याची ही कल्पना मला मनापासून आवडली. हा पुठ्ठा पुन्हा वर उसळत नाही. स्प्रिंग असती तर रणगाडा उडून आडवा झाला असता. कागद मात्र चुरडतो आणि तसाच राहतो.

आकडे मांडून पाहावेत. सेकंदाला ८ मीटर वेगाने खाली येणारे ओझे जमिनीवर जसे आपटते, तसाच आघात ते सव्वातीन मीटर उंचीवरून सोडल्यावर होतो. म्हणजे रणगाडा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली लोटण्यासारखा हा प्रकार आहे. पुठ्ठा तीस सेंटिमीटर दबला असे धरले, तर त्या क्षणी वाहनावर सरासरी स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ बारापट भार येतो. पोलादी दांडे तो सोसतात. दुर्बिणी, दिशादर्शक, क्षेपणास्त्राची नाजूक जोडणी यांचे मात्र तसे नसते, आणि शिलेलाची यंत्रणा तर स्वतःच्याच तोफेच्या धक्क्यानेही रुसत असे.

विमानातून बाहेर पडणे हाही एक वेगळाच प्रसंग आहे. मागचा दरवाजा उघडतो, एक लहान छत्री बाहेर फेकली जाते, वाऱ्याने ती भरते आणि रुळांवर ठेवलेला प्लॅटफॉर्म मागे खेचून बाहेर ओढते. काही क्षणांत पंधरा टन विमानाच्या पोटातून शेपटाकडे सरकतात आणि मग नाहीसे होतात. वैमानिकाला आधी नाक वर उचलणारे आणि लगेच एकदम हलके झालेले विमान सांभाळावे लागते. छत्र्यांची आणि उंचीची कटकटच नको म्हणून अमेरिकेने आणखी एक पद्धत काढली होती: मालवाहू विमान जमिनीपासून काही फुटांवरून न्यायचे आणि ओढछत्रीने ओझे थेट जमिनीवर घसरत सोडायचे. १ जुलै १९८७ रोजी फोर्ट ब्रॅग या अमेरिकी लष्करी तळावर प्रेक्षकांसमोर याच पद्धतीने शेरिडन उतरवण्याचे प्रात्यक्षिक चालू असताना सी-१३० विमान जमिनीवर आदळले; विमानातील चार जण आणि जमिनीवरील एक सैनिक मरण पावला. पुढे ही पद्धत बंद झाली. मूळ सोयीपेक्षा जास्त धोका देणाऱ्या सोयीला मी तरी गुण देणार नाही.

हवेतला काळ लहान वाटतो, पण नुकसान तिथेच साचते. ४०० मीटर उंचीवरून सेकंदाला ७ मीटरने उतरणारे वाहन जवळजवळ एक मिनिट हवेत असते. वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर तेवढ्यात ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक वाहून जाते, आणि त्या मिनिटात खालून कोणीही त्यावर नेम धरू शकतो. शिवाय विमान तरी थांबलेले कुठे असते? ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानातून दोन ओझी पाच सेकंदांच्या अंतराने पडली, तर जमिनीवर ती चारशे मीटर दूर असतात, आणि दहा विमानांच्या रांगेतून पडलेली वाहने काही किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरतात. माणसे आणि वाहने वेगवेगळी टाकली, तर प्रत्येक चालकाला अंधारात आपले वाहन शोधत जावे लागते. सोव्हिएत छत्रीदलाने यासाठी वाहनावर रेडिओ खूण बसवली आणि चालक-गोलंदाजांना ती पकडणारे लहान यंत्र दिले. तरीही आपले वाहन सापडून ते चालू होईपर्यंत जाणारा वेळ सेनापती वसिली मार्गेलोव्ह यांना परवडणारा वाटत नव्हता.

म्हणून त्यांनी जो उपाय काढला तो या सर्व परीक्षणातील सर्वांत धाडसी आहे: माणसे वाहनाच्या आतच बसवून टाकायची. ५ जानेवारी १९७३ रोजी तुला शहराजवळ एएन-१२ विमानातून बीएमडी-१ सोडण्यात आली आणि आत लिओनिद झुयेव्ह व अलेक्झांडर मार्गेलोव्ह बसले होते. दुसरे नाव सेनापतींच्या मुलाचे आहे. आपल्या पोराला आत बसवून वस्तूची हमी देणारा विक्रेता मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही. आत बसवलेल्या खुर्च्या अंतराळवीरांच्या काझबेक आसनाचे साधे रूप होत्या, ज्यात माणूस जवळजवळ उताणा असतो, जेणेकरून आदळण्याचा भार पाठीच्या कण्यावर सरळ येऊ नये. माणसांना बसवण्याआधी कुत्र्यांवर प्रयोग झाले होते.

तीन वर्षांनी, २३ जानेवारी १९७६ रोजी, हीच गोष्ट आणखी अवघड पद्धतीने करण्यात आली. या वेळी अलेक्झांडर मार्गेलोव्ह यांच्यासोबत लिओनिद श्चेर्बाकोव्ह होते. अनेक छत्र्यांऐवजी सुमारे ५४० चौरस मीटरची एकच छत्री आणि तिच्या जोडीला रॉकेटे. एका छत्रीखाली वाहन सेकंदाला सुमारे वीस मीटरने पडते, म्हणजे ४०० मीटरचा प्रवास वीस सेकंदांत संपतो आणि वाऱ्याला फारसे हाती लागत नाही. जमिनीच्या अगदी जवळ येताच खाली लोंबणारे स्पर्शक टेकतात, रॉकेटे पेटतात आणि वेग आवरला जातो. छत्र्यांचा ढीग कमी, बांधणीचे वजन कमी, उतरल्यावर आवरायचा पसारा कमी. कागदावर यापेक्षा देखणी रचना सापडणार नाही. पण रॉकेट वेळेवर पेटले नाही, तर ते वाहन वीस मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून पडल्यासारखे आदळते, आणि इथे दुसरी संधी नसते. पुढच्या बीएमडींसाठी पुन्हा अनेक छत्र्या आणि खाली पडता पडता हवेने भरणाऱ्या गाद्या यांच्याकडे वळलेले दिसते, आणि ही यंत्रणा वाहनावरच बांधलेली राहते, वेगळा प्लॅटफॉर्म लागत नाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. माणसे आत असताना कमी देखणी पण चुकांना माफ करणारी वस्तू बरी.

आता शेवटची आणि खरी कसोटी: प्रत्यक्ष वापर. रणगाडा पॅराशूटने लढाईत टाकल्याचे उदाहरण म्हणून सहसा एकच प्रसंग सांगितला जातो, २० डिसेंबर १९८९ची अमेरिकेची पनामातील कारवाई. फोर्ट ब्रॅगजवळच्या तळावर त्या रात्री गोठणारा पाऊस पडत होता, विमानांवरचे बर्फ काढता काढता रांग विस्कळीत झाली आणि काही विमाने उशिरा निघाली. टोरिहोस-तोकुमेन विमानतळाच्या बाजूला, आधी उतरलेल्या आपल्याच सैनिकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून, जड ओझी वेगळ्या पट्ट्यात सोडण्यात आली. तो पट्टा दलदलीचा आणि माणूस बुडेल एवढ्या गवताचा निघाला. सामान्यतः दिल्या जाणाऱ्या हिशेबानुसार दहा शेरिडन टाकण्यात आले आणि त्यांपैकी दोन उतरतानाच निकामी झाले. म्हणजे शत्रूने गोळी झाडण्यापूर्वीच पाचातला एक गेला. घरपोच सेवेत पाचातली एक वस्तू फुटून येत असेल, तर कोणते दुकान चालेल? उरलेल्यांपैकी चिखलात रुतलेल्या गाड्या आणि इतर जड सामान शोधून, पट्टे कापून, प्लॅटफॉर्मवरून खाली घेण्यात जो वेळ गेला तो वेगळाच.

याच कारवाईतली दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. चार शेरिडन महिनाभर आधीच सी-५ विमानांतून गुपचूप पनामात उतरवून झाकून ठेवले होते. त्यांनी धावपट्टीवर शांतपणे उतरून, कोणताही पुठ्ठा न चुरडता, वेळेवर जागा घेतली, आणि पनामाच्या सैन्याच्या मुख्यालयावर म्हणजे कोमांदान्सियावर गोळे डागण्याचे काम त्यांच्याकडेच आले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९०मध्ये, सौदी अरेबियात घाईने पोहोचलेले पहिले अमेरिकी रणगाडे शेरिडनच होते, आणि तेही विमानातून उतरले, पडले नाहीत. हलका रणगाडा ही चांगली वस्तू आहे. पॅराशूट हा तिच्यातला असा भाग आहे की जो ग्राहकाने फार क्वचित वापरला.

रशियन बाजूलाही हेच दिसते. १९७९च्या डिसेंबरात काबूल आणि बगरामला बीएमडी विमाने उतरवूनच आणल्या गेल्या. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनमधील होस्तोमेल विमानतळावर रशियन छत्रीसैनिक हेलिकॉप्टरने उतरले, त्यांच्याकडे चिलखती वाहने नव्हती, आणि धावपट्टीवर मागून विमाने उतरवण्याचा बेत फसला. ज्या दिवसासाठी हे सारे अर्धशतक जपून ठेवले होते, तो दिवस जवळजवळ समोर आला असतानाही कोणी आकाशातून वाहने टाकण्याचे धाडस केले नाही. विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या प्रदेशात, सरळ रेषेत, कमी उंचीवर, दरवाजा उघडून उडणाऱ्या जड विमानांची रांग नेणे म्हणजे काय, हे त्यांना नीट ठाऊक होते.

जर्मनांचे व्हीझेल हे तर जेमतेम पावणेतीन टनांचे छोटे वाहन. तेही पॅराशूटने टाकून पाहण्याच्या चाचण्यांत काही वाहने मोडली, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला आणि एका सीएच-५३ हेलिकॉप्टरमध्ये दोन व्हीझेल ठेवून न्यायला सुरुवात केली. अमेरिकेने शेरिडननंतर बऱ्याच काळाने आणलेला एम-१० बुकर हा हलका रणगाडा म्हणवला गेला, पण तो ३८ टनांच्या आसपास भरला, त्याला छत्री लावण्याचा प्रश्नच आला नाही, आणि २०२५मध्ये तो कार्यक्रमच रद्द झाला. बांधणीत निष्काळजीपणा झाला तर काय होते, हे एप्रिल २०१६मध्ये जर्मनीतील होहेनफेल्स येथे दिसले: सरावात तीन हम्वी गाड्या छत्र्यांपासून सुटून दगडासारख्या जमिनीवर आल्या. त्यातली एकही रणगाडा नव्हती, एवढेच समाधान.

आपल्याकडच्या ग्राहकासाठी दोन शब्द. ११ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील टांगाइल येथे उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. पूंगली पुलाकडे निघालेल्या त्या जवानांसोबत जीपगाड्या आणि तोफा टाकण्यात आल्या होत्या, चिलखती वाहन एकही नव्हते, आणि मागे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवण्याचे काम त्यांनी तेवढ्यावर केले. आग्र्याच्या ‘एडीआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने आयएल-७६ या मालवाहू विमानासाठी सात टनांच्या वर्गातील पी-७ ही जड ओझे टाकण्याची प्रणाली विकसित केली, ज्यात पाच मुख्य छत्र्या असतात; सोळा टनांच्या वर्गातील पी-१६ही तिथेच हाती घेण्यात आली. चौदा टनांच्या पुढे असलेले आपले सारथ हे पायदळाचे चिलखती वाहन पी-७मध्ये बसत नाही आणि पी-१६च्या उंबरठ्यावर येते. जीप, हलकी तोफ, दारूगोळा, यांसाठी पी-७ हा माल उत्तम आहे, आणि त्याच्या पुढे जाण्याची घाई करू नये असे मला वाटते, कारण सारथ टाकता आले तरी त्याच्यासोबत विमानांची जी रांग लागेल ती ज्या आकाशात सुरक्षित असेल, तिथे एखादी धावपट्टीही मोकळी मिळायला हरकत नसावी.

गुण द्यायचेच झाले, तर माणसे आत बसवून उतरवणाऱ्या बीएमडीला मी शेरिडनच्या वर ठेवीन, कारण तिने चालकाला आपले वाहन शोधत फिरण्याचा प्रश्न सोडवला. तोफेच्या जोरावर शेरिडन तिच्यापुढे आहे. तरीही ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी एक बाब आठवणीने मागून घ्यावी. ६ जून १९४४च्या संध्याकाळी हॅमिलकार ग्लायडरमधून नॉर्मंडीत टेट्रार्क हे ब्रिटिश हलके रणगाडे उतरले. ग्लायडर जमिनीवर टेकले, रणगाडे स्वतःच्या जोरावर बाहेर आले, आणि शेतात पडून राहिलेल्या आपल्याच छत्रीसैनिकांच्या छत्र्यांवरून गेले. छत्र्यांचे कापड आणि दोर पट्ट्यांच्या दातेरी चाकांत गुंडाळले गेले आणि एकामागून एक रणगाडे जागच्या जागी अडकले. त्यामुळे यादीत छत्र्या, प्लॅटफॉर्म आणि पुठ्ठा यांच्या खाली, प्रत्येक वाहनामागे दोर कापायच्या धारदार सुऱ्या लिहाव्यात, आणि त्या वाहनाच्या आत नव्हे, बाहेरच्या अंगाला, हाताला येतील अशा जागी बांधून द्यायला सांगावे.